घर आणि घराणे

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने रूढ केली त्याला बांधलेले घर बदलून पाहण्याचा प्रसंग बहुधा आला नसावा. नवे घर बांधणारा मोकळ्या जमिनीवर आपल्या मनाप्रमाणे फक्की टाकतो. जुन्या घरात फेरफार करणाऱ्याला मात्र दुसऱ्या कुणी तरी, कधी तरी, आपल्या सोयीने आखलेल्या रेघांशी जमवून घ्यावे लागते. खिडकी त्याची, दार त्याचे, चूल कुठे असावी ही समजूतही त्याचीच; आणि राहायचे मात्र आपण.

आम्हां गाणाऱ्यांना हा प्रकार परका नाही. बंदिश दुसऱ्याने बांधलेली असते. तिची सम, तिचे शब्द, तिचा मुखडा हे सारे ठरलेले. त्या भिंती न पाडता गाणारा आपल्यासाठी जागा काढतो. आपल्या भाषेने गाण्याच्या परंपरेला ‘घराणे’ म्हटले, त्यातला ‘घर’ हा शब्द मला उगाच आलेला वाटत नाही. घर मिळते ते वारशाने किंवा विकत. ते आपले होते ते आत बसून.

हे सुचण्याचे कारण असे की गेल्या दोन वर्षांत मी माझ्या मंडीदीपच्या घरातील खोल्यांची उलथापालथ केली. मंडीदीप हे नाव आपल्या लष्करातील वाचकांना कारखान्यांमुळे ठाऊक असेल. भोपाळच्या दक्षिणेला वीस-बावीस किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे, रायसेन जिल्ह्यातले हे गाव. १९७० नंतरच्या काळात येथे औद्योगिक वसाहत वाढली आणि आज गावाचा दिवस सूर्याप्रमाणे नव्हे, तर भोंग्याप्रमाणे उजाडतो. मी येथे संगीत शिकवतो. शिकायला येणारी मुले बहुतेक कामगारांची आणि छोट्या दुकानदारांची आहेत. कुणाच्या घरी तानपुरा नाही. पुष्कळांच्या घरी स्वर लावून बसायला कोपराही नाही. त्यामुळे माझ्या घरातील एक खोली ही केवळ माझी हौस नव्हती.

माझे वडील ग्वाल्हेर दरबारचे गवई होते. म्हणजे अगदी शेवटच्या फळीतले. १९४५ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांची नेमणूक झाली आणि मे १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले. दरबारी गवई म्हणून त्यांच्या वाट्याला तीन वर्षे आली. पण ती पुढे आयुष्यभर पुरली. त्यांचे दुसरे लग्न उशिरा झाले आणि मी त्यांच्या पंचावन्नाव्या वर्षी जन्मलो, म्हणून चाळिशी ओलांडलेला मी आजही ‘दरबारी गवयाचा मुलगा’ म्हणवून घेऊ शकतो. दरबार मी पाहिलेला नाही. मी पाहिली ती लष्करातील आमच्या वाड्याची बैठक.

त्या बैठकीचे वर्णन आपल्यापैकी पुष्कळांच्या घरालाही लागू पडेल. चौकातून तीन पायऱ्या चढले की ओसरी, ओसरीच्या आत बैठक. जाड भिंती, त्यांत कोनाडे आणि दिवळ्या. वर सागवानी तुळया आणि तक्तपोशी. खाली जाजम, भिंतीला लोड-तक्के. खिडक्या जमिनीपासून जेमतेम वीतभर वर; मांडी घालून बसले की रस्त्यावरचे टांगे दिसत. त्या खोलीत वडील ‘सा’ लावीत तेव्हा तो भिंतीला लागून परत येई, पण अंगावर धावून येत नसे. ते म्हणत, “आवाज आपल्याकडे परत आला पाहिजे, पण पाहुण्यासारखा, वसुलीला आल्यासारखा नव्हे.”

मंडीदीपचे घर सिमेंटचे. एका ओळीत बांधलेल्या घरांपैकी शेवटचे, म्हणजे एका बाजूला शेजाऱ्याची सामाईक भिंत आणि दुसऱ्या बाजूला अरुंद गल्ली. पुढची खोली ‘ड्रॉइंग रूम’, मधली झोपायची, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या शेजारी गल्लीच्या अंगाला एक बारा फूट रुंद व चौदा फूट लांब अशी खोली, जिच्यात आधीचे मालक गहू, सायकली आणि कूलर ठेवीत. पुढच्या खोलीत शिकवणी चाले. तिथे ‘सा’ लावला की तो वसुलीलाच येई.

याचे कारण समजून घेणे कठीण नाही आणि ते प्रत्येक घरमालकाने समजून घ्यावे असे आहे. १८९५ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकापुढे एक व्याख्यानगृह आले. नवे कोरे, पण वक्त्याचा एक शब्द विरण्यापूर्वी त्यावर पुढचे चार-पाच शब्द चढत, आणि कुणाला काही कळत नसे. सॅबिनने जवळच्या नाट्यगृहातील खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून मांडल्या, ऑर्गनच्या नळीतून स्वर काढला आणि तो ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून मोजले. सकाळी वर्ग भरण्यापूर्वी गाद्या परत. अशा अनेक रात्रींतून त्याने एक साधा हिशेब काढला. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला खोलीतील सर्व पृष्ठभाग मिळून जेवढा आवाज शोषतात त्याने भागावे आणि ०.१६ ने गुणावे. उत्तर येते ते आवाज विरायला लागणाऱ्या सेकंदांचे. त्याच्या सल्ल्याने बांधलेले बोस्टनचे सिंफनी हॉल १९०० साली उघडले आणि आजही जगातील उत्तम संगीतगृहांत गणले जाते.

हा हिशेब मी माझ्या मागच्या खोलीला लावला. बारा बाय चौदा, उंची दहा फूट. म्हणजे घनफळ सुमारे ४८ घनमीटर. गुळगुळीत गिलावा, सिमेंटचे छत आणि फरशी आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा शेकडा तीन-चार भागच काय तो गिळतात, बाकीचा परत फेकतात. रिकाम्या खोलीत आवाज विरायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागतो असे उत्तर आले. द्रुत लयीतील एक तान तेवढ्या वेळात संपून दुसरी सुरू होते. मग विद्यार्थ्याला आपली चूक ऐकू येणार कशी? तिच्यावर आधीच्या स्वरांचा चिखल साचलेला असतो. उलट जाड कापसाची गादी आपल्यावर पडणाऱ्या आवाजाचा अर्धाअधिक भाग पोटात घेते. जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, एका भिंतीला पुस्तकांची मांडणी, एक जाड पडदा आणि चार-पाच माणसे एवढे धरले की तोच वेळ अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतो. आमच्या वाड्यातील जाजम, लोड आणि कोनाडे हेच काम करीत होते. तुळया आणि कोनाडे आवाज तोडून चहूकडे विखरून टाकीत, जाजम त्याला निववीत असे. बांधणाऱ्या गवंड्याला सॅबिन ठाऊक नव्हता. पण त्या खोलीत काय व्हायचे आहे हे ठाऊक होते.

येथपर्यंत गोष्ट सोपी होती. अवघड होती ती शेजाऱ्यांची. आमच्या सामाईक भिंतीपलीकडे राहणारे गृहस्थ कारखान्यात पाळीने काम करतात. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा दुपारपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात ते सकाळी सातला घरी येऊन झोपतात आणि आठ वाजता भिंतीच्या या बाजूला माझे विद्यार्थी भैरवचा कोमल ऋषभ आळवू लागतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदा फक्त त्यांच्या पत्नी सौभाग्यवतींना म्हणाल्या, “भाभीजी, इनका हाथ मशीन पर रहता है.” एवढेच. त्या वाक्याचा अर्थ कळायला वेळ लागला नाही. यंत्रावर झोप अनावर झाली तर काय होते, हे मंडीदीपमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

ऐकणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी सल्ला दिला तो असा की भिंतीला जाड पडदे लावा, थर्माकोल चिकटवा, अंड्यांचे ट्रे ठोका. हा समज फार पसरलेला आहे, म्हणून थोडे थांबून सांगतो. खोलीतील घुमारा मोडणे ही एक गोष्ट आणि खोलीतून बाहेर जाणारा आवाज अडवणे ही अगदी दुसरी. गादी, पडदा, कापूस यांनी पहिले काम होते. दुसऱ्यासाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही. आवाज अडतो वजनाने आणि बंदिस्तपणाने. भिंतीचे वजन दुप्पट केले तर पलीकडे पोहोचणारा आवाज सुमारे पाच-सहा डेसिबलने उतरतो. आणि भिंत कितीही जाड असली तरी दाराखाली बोटभर फट राहिली तर आवाज मुकाट्याने तेथून निघून जातो. आमची सामाईक भिंत साडेचार इंची होती. तिला पडदे नेसवून उपयोग नव्हता.

मग सुचली ती गोष्ट सोपी. भिंत जाड करण्यापेक्षा गाणेच तिच्यापासून उचलावे. पुढच्या खोलीत झोपायचे आणि गव्हाच्या खोलीत गायचे. शेजाऱ्याच्या भिंतीत आणि गाण्यात मग आख्खे स्वयंपाकघर येते, त्याची भिंत येते, भांड्यांची मांडणी येते. कागदावर हे उत्तम दिसले. सौभाग्यवतींनी कागद पाहिला आणि विचारले, “आणि तुमची मुलं मागच्या खोलीत जाणार कुठून? माझ्या पलंगावरून?”

प्रश्न रास्त होता. आपल्या जुन्या घरांत हा प्रश्न येत नसे, कारण चौक मध्ये असे आणि प्रत्येक खोलीला चौकातून जाता येई. परका माणूस ओसरीवरून बैठकीत जाई. माजघर त्याच्या वाटेत पडत नसे. गाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक खोल्या असलेल्या घरात चौक कुठून आणायचा? आमच्याकडे गल्ली होती. गव्हाच्या खोलीला गल्लीकडे दोन खिडक्या होत्या. त्यांपैकी एकीचे दार करायचे ठरले.

येथे आमचे मिस्त्री कामी आले. रुंद जिवणीचे, कमी बोलणारे, बुंदेलखंडी गृहस्थ. मी खिडकी रुंद करण्याची गोष्ट काढताच ते म्हणाले, “मास्साब, खिड़की चौड़ी मत करवाओ, नीची चाहे जितनी करवा लो.” खिडकीच्या वरची बीम तिच्या रुंदीपुरतीच घातलेली असते आणि वरच्या भिंतीचे ओझे तिच्यावर असते. रुंदी वाढवली की त्या ओझ्याला खालचा आधार उरत नाही. खिडकीच्या खालच्या भिंतीवर मात्र खिडकीखेरीज कसलेच ओझे नसते. ती जमिनीपर्यंत काढली तरी घर जागचे हालत नाही. ज्यांना जुन्या घरात फेरबदल करावयाचे असतील त्यांनी मिस्त्रींचे हे वाक्य लिहून ठेवावे. जाड्या दगडी भिंतींच्या वाड्यात मात्र कुदळ मारण्यापूर्वी जाणत्या इंजिनिअरला दाखवणे बरे. तेथे कोणती भिंत काय उचलून उभी आहे, हे बाहेरून दिसत नाही.

एका खिडकीचे दार झाले. दुसरीचे काय करावे हा विचार चालू असताना वाड्याच्या बैठकीची खिडकी आठवली. सिमेंटच्या घरांत खिडकी जमिनीपासून तीन फुटांवर ठेवतात, कारण घर आखणारा माणूस खुर्चीवर बसतो. गादीवर बसणाऱ्याच्या डोक्यावरून वारा निघून जातो आणि त्याच्या वाट्याला भिंत येते. आपली कित्येक घरे कोंदट वाटतात त्याचे कारण खिडकी लहान असते हे नव्हे. ती बसणाऱ्याच्या उंचीची नसते. आम्ही दुसरी खिडकी एक फुटावर आणली, गज खालपर्यंत वाढवले. उन्हाळ्यात कूलर न लावता सकाळचा वर्ग होऊ लागला. कूलरच्या घरघरीत स्वर ऐकू येत नाही, हे वेगळे सांगायला नको.

दाराची हकीगत वाड्याशी जोडलेली आहे. वडील २००३ साली गेले आणि त्यानंतर काही वर्षांनी भाऊबंदांत वाड्याच्या वाटण्या झाल्या. वाडा पाडावयाचे ठरले. पाडण्यापूर्वी जुन्या लाकडाचे व्यापारी आले. आजकाल वाड्याच्या खांबांना, महिरपींना आणि दारांना मोठी मागणी आहे. त्यांपैकी कित्येक वस्तू हॉटेलांत आणि नव्या सदनिकांत शोभेला लागतात. नक्षीचे खांब छताला टेकवून उभे केलेले मी पाहिले आहेत, आणि ते काहीच उचलून धरीत नाहीत हे पाहून मनाला कसेसे झाले आहे. चुलतभाऊ म्हणाले, “तूही दोन खांब ने. तुझ्या खोलीला दरबारी शोभा येईल.” मी खांब घेतले नाहीत. मी बैठकीचे दार मागितले.

त्याचे कारण भावनेइतकेच हिशेबाचेही होते. दीड इंच जाडीच्या जुन्या सागाच्या फळ्या, लोखंडी पट्ट्या, पितळी कड्या. दोन माणसांना उचलायला जड. बाजारात मिळणारी पोकळ दारे आवाजाला वाऱ्यासारखी सोडतात. हे दार त्याला अडवणार होते. उंची मात्र साडेपाच फूट. वर उरलेली जागा विटांनी बुजवली. दुपाखी दाराची मधली फट ही कमजोर बाजू होती. एका पाखाला आतून लाकडी पट्टी ठोकून तिच्यात रबर बसवला आणि खाली उंबरठा केला. माझ्या वडिलांच्या आवाजाला ज्या दाराने लष्करच्या रस्त्यापासून राखले तेच दार आता मंडीदीपच्या भाजीवाल्यांपासून माझ्या विद्यार्थ्यांना राखते. ते शोभेला नाही, कामावर आहे.

याच ठिकाणी मतभेद होण्याचा संभव आहे. कुणी म्हणतील की थोरांची घरे जशीच्या तशी राखली पाहिजेत. ते मला मान्य आहे आणि आपल्या शहरातच त्याचे सुंदर उदाहरण आहे. दरबारचे थोर सरोदिये उस्ताद हाफिज अली खाँ यांचे जीवाजीगंजातील घर त्यांचे चिरंजीव उस्ताद अमजद अली खाँ यांनी ‘सरोद घर’ या नावाने वाद्यांच्या संग्रहालयात रूपांतरित केले. १९९५ सालापासून ते उभे आहे. जुनी वाद्ये, छायाचित्रे, कागदपत्रे पाहायला लोक दुरून येतात. ज्या घरात एवढा मोठा वारसा आहे त्याने संग्रहालय व्हावे हे योग्यच. पण प्रत्येक दरबाऱ्याच्या मुलाने आपल्या दोन खोल्यांचे संग्रहालय करायचे म्हटले तर राहायचे कुठे आणि गायचे कुठे? आम्ही वडिलांची पगडी काचेच्या पेटीत ठेवली नाही. त्यांची बसण्याची उंची आणि त्यांच्या खोलीची शांतता, एवढेच आणले.

मंडीदीपच्या आसपास फिरताना मला या विचाराला अनपेक्षित आधार मिळाला. याच रस्त्याने पुढे ओबेदुल्लागंज ओलांडले की भीमबेटकाचे डोंगर लागतात. उज्जैनचे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली आगगाडीतून जाताना हे खडक पाहिले आणि त्यांच्या आकारावरून तेथे गुहाचित्रे असतील असा तर्क केला. तो खरा ठरला. सातशेहून अधिक शैलाश्रय त्या टापूत मोजले गेले. २००३ साली युनेस्कोने हे स्थान जागतिक वारशात घेतले. आपण ते ‘प्राचीन चित्रांचे ठिकाण’ म्हणून पाहायला जातो. मला मात्र ते घर दिसते. हे घर कुणी बांधले नाही, ते मिळाले. मिळालेल्या घरात माणसाने काय केले? वाकणकरांनी आणि पुढे १९७० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र यांनी तेथे खणून पाहिले, तेव्हा दगडी चिपांची केलेली जमीन आणि दगडी भिंतींचे अवशेष सापडले. म्हणजे जमीन उंचसखल होती, ती कुणी तरी बसण्याजोगी केली. आणि भिंतीवर प्रत्येक पिढीने आपले आयुष्य रंगवले. आधी रानगवे, हरणे आणि शिकारी. फार पुढे घोडेस्वार आणि तलवारी. पुष्कळ ठिकाणी नवे चित्र जुन्यावरच काढलेले आहे. जुने खरवडून काढले नाही आणि जुन्यापुढे हात जोडून नुसते बसलेही नाही. हजारो वर्षे एकाच भिंतीवर माणसे आपापल्या रीतीने राहत गेली.

त्याहून जवळ भोजपूर. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याचे अपुरे राहिलेले शिवमंदिर बेतवेच्या काठी उभे आहे. त्याच्या आसपासच्या खडकांवर मंदिराच्या भागांचे आराखडे कोरलेले आजही दिसतात. कारागिरांचा नकाशा कागदावर नव्हता, पायाखालच्या दगडावर होता. याच परिसरात भोजाने बांध घालून विस्तीर्ण तलाव केला होता आणि त्यातील बेट म्हणजे ‘मंडीद्वीप’, त्यावरून आमच्या गावाचे नाव पडले, असे लोक सांगतात. पंधराव्या शतकात माळव्याचा सुलतान होशंगशाह याने बांध फोडला, तलाव आटला आणि बेट जमिनीला मिळाले. आमच्या गावालाच मुळी नव्या परिस्थितीत राहायला शिकावे लागले! ज्या भोजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा मोठा ग्रंथ आहे, तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गणपतिशास्त्री यांनी संपादित करून १९२४-२५ मध्ये दोन भागांत छापला. एका संस्थानाने दुसऱ्या राजाचा ग्रंथ राखला, हे आपल्यासारख्या संस्थानी मंडळींना सुखावणारे आहे. त्या ग्रंथात एकशालेपासून चतुःशालेपर्यंत घरांचे प्रकार मांडले आहेत. आपला चौकाचा वाडा त्या चतुःशालेचाच गोतावळा. घराचे रूप त्यात राहणाऱ्याच्या रीतीवर ठरते ही समजूत एवढी जुनी आहे.

आता खोलीचा पुढचा हिशेब. सारा खर्च एका बऱ्यापैकी सोफासेटाएवढा आला, आणि सोफासेट घ्यायचा राहिला. त्यावरून घरात थोडी बोलाचाली झाली. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की पाहुण्यांना बसायला चार खुर्च्या तरी हव्यात. सगळ्यांचेच गुडघे तुमच्यासारखे नसतात. त्यांचे म्हणणे मान्य करून दाराजवळ एक लाकडी बाक ठेवला. म्हातारे पालक त्यावर बसतात आणि त्यांच्या उंचीवरून मुलांचे गाणे ऐकतात. तानपुरे दारापासून दूर, कोरड्या कोपऱ्यात, भिंतीला न टेकवता लाकडी घोड्यावर ठेवले. मे महिन्यातील झळ आणि जुलैतील ओल दोन्ही भोपळ्याला सोसत नाहीत. छत मुद्दाम उघडे ठेवले. सगळीकडूनच आवाज गिळला तर गाणाऱ्याला आपला आवाज मेल्यासारखा वाटतो आणि तो घसा ताणू लागतो. लहान मुलांच्या गळ्याला ते फार घातक.

एक गोष्ट भिंतींना साधली नाही. मुलांचे गाणे आता शेजाऱ्यांच्या खोलीत ऐकू येत नाही; तबल्याचा बायाँ मात्र येतो. खर्जातला आवाज लांब अंगाचा असतो, भिंतीला कंप देत तो पलीकडे जातो आणि त्याला अडवायला आमच्या घराच्या ऐपतीबाहेरचे वजन लागते. तेव्हा उपाय केला तो मिस्त्रींशिवाय. वाड्याच्या दाराच्या आतल्या बाजूला शेजाऱ्यांच्या तीन आठवड्यांच्या पाळ्या लिहिलेला कागद लावला आहे. रातपाळीच्या आठवड्यात सकाळी फक्त तानपुरा आणि स्वरसाधना, तबला संध्याकाळी. मुले वर्गात शिरताच आधी तो कागद पाहतात. तालाचा धडा आज आहे की नाही, हे त्यांना पंचांग न पाहता कळते.

माझ्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी आज हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा असेल. मुले परगावी गेली, माडी बंद पडली, बैठकीत कपाटे साठली, आणि बिल्डरचा माणूस महिन्यातून एकदा दार ठोठावून जातो. वाडा राखा की पाडा हे मी सांगू शकत नाही. आमचाही पाडला गेला. पण निर्णयापूर्वी एक संध्याकाळ काढावी. प्रत्येक खोली रिकामी करून मधोमध उभे राहावे आणि एक टाळी वाजवावी. टाळी फडफडत राहिली तर ती खोली बोलण्या-गाण्याची नव्हे, किंवा तिला गादी-पुस्तकांची गरज आहे. टाळी नीट विरली तर खाली बसावे आणि खिडकीतून काय दिसते ते पाहावे. मग आपण त्या घरात रोज खरोखर काय करतो, ते कागदावर लिहावे: कोण किती वाजता झोपतो, कोण वाचतो, कोणाचे गुडघे दुखतात, कोण येतो-जातो. पाहुण्यांना काय वाटेल ही ओळ शेवटी लिहावी.

मापे घ्यायची ती या कागदावरून. नक्षीचे पुस्तक त्यानंतर उघडले तरी चालते. आणि वाडा उतरवायचाच ठरला, तर व्यापारी येण्यापूर्वी घरातील एक तरी वस्तू अशी बाजूला काढावी की जी पुढच्या घरात पुन्हा कामाला लागेल. दार चालेल, फळी चालेल, पाटा-वरवंटादेखील चालेल.